अंतर मोजणारा गुरू: टेड कॉर्बिट यांची आठवण न्यूयॉर्कच्या धावपटूंनी कशी ठेवली

मॅरेथॉन संपली की फिनिश लाइनच्या पलीकडे, पाणी पिता पिता, एक वाद हमखास रंगतो. मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची; पण कुणाच्या घड्याळात ४२.६ किलोमीटर दिसतात, कुणाच्या ४२.८. आयोजकांनी जास्त पळवलं, असं म्हणत जो तो मनगट पुढे करतो. या वादात मीही बरीच वर्षं हिरिरीनं बोललो आहे. मग एकदा रस्त्यावरचं अंतर मोजतात तरी कसं, हे नीट वाचायला घेतलं आणि त्या वाचनात टेड कॉर्बिट भेटले. घड्याळाचा वाद तिथेच मिटला. पण कॉर्बिट काही डोक्यातून जाईनात.

ते १२ डिसेंबर २००७ रोजी गेले, वयाच्या ८८ व्या वर्षी. लांब पल्ल्याच्या अमेरिकन धावण्याचे जनक, अशी त्यांची ओळख सांगितली जाते. हे प्रकरण लिहायला घेण्याचं कारण मात्र ती पदवी नव्हे. प्रत्येक रनिंग ग्रुपपुढे कधी ना कधी एकच प्रसंग उभा राहतो. ज्यानं सगळ्यांना पळायला लावलं, तो माणूस जातो. पहिल्या वर्षी स्मृतिदौड होते, टी-शर्टवर फोटो येतो, सुरुवातीच्या रेषेवर दोन मिनिटं शांतता पाळतात. चौथ्या वर्षी ग्रुपात नवीन आलेला मुलगा फोटोकडे बघून विचारतो, हे कोण? सांगणाऱ्याला मग चटकन काही सुचत नाही. "फार मोठे होते," एवढंच तो सांगतो. न्यूयॉर्कच्या धावपटूंवरही ही वेळ आली. त्यांच्याकडून काय झालं आणि काय आपोआप होत राहिलं, हे दोन्ही बघण्यासारखं आहे.

आधी माणूस

कॉर्बिट यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ चा, दक्षिण कॅरोलिनातल्या डनबार्टनचा. आजोबांची पिढी गुलामगिरीतली. ते सिनसिनाटीत वाढले आणि तिथल्याच विद्यापीठाकडून पळू लागले. पण काही स्पर्धांत त्यांना उतरताच आलं नाही, कारण गोरे खेळाडू काळ्या खेळाडूच्या शेजारी उभे राहायला तयार नसत. महायुद्धात लष्करात नोकरी झाली. मग न्यूयॉर्कला येऊन १९५० साली त्यांनी फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि अपंगांच्या पुनर्वसन केंद्रात चाळीस वर्षांहून जास्त काळ काम केलं.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना स्वतःचे गुरू भेटले. जो यान्सी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३६ साली हार्लेममध्ये न्यूयॉर्क पायोनियर क्लब सुरू केला होता. सुरुवात काळ्या मुलांसाठी झाली. पुढे १९४० च्या दशकात क्लबनं दारं सगळ्यांना उघडली. गोरा, काळा, ज्यू, वेगवान, संथ, कुणीही या. त्या काळातल्या नावाजलेल्या अ‍ॅथलेटिक क्लबांमध्ये हे घडत नव्हतं. कॉर्बिट १९४७ मध्ये या क्लबात आले. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केलं त्याचं मूळ मला इथे दिसतं: ज्याला दाराबाहेर ठेवलं गेलं, त्यानं असं दार बांधलं की ज्याला कुलूपच नाही.

१९५१ साली बॉस्टनला ते पहिली मॅरेथॉन पळाले. पंधरावा क्रमांक, वेळ २ तास ४८ मिनिटं ४२ सेकंद. ही वेळ लक्षात राहू द्या, तिच्याकडे मला परत यायचं आहे. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ते ४४ वे आले. ऑलिंपिकची मॅरेथॉन पळणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन धावपटू. १९५४ मध्ये यॉन्कर्सला राष्ट्रीय मॅरेथॉन विजेतेपद मिळालं.

सरावाच्या त्यांच्या गोष्टी ऐकून आजही पायात गोळे येतात. कामाला ते पळत जात, पळत घरी येत. सुट्टीच्या दिवशी आख्ख्या मॅनहॅटन बेटाला वळसा घालत. तो ३१ मैलांचा, म्हणजे पन्नास किलोमीटरचा. कधी कधी असे दोन वळसे. आणि केलेल्या सरावाची नोंद वहीत. बोलणं मात्र अगदी मोजकं. त्यांच्याबद्दल सांगणारे बहुतेक सगळे हीच गोष्ट आधी सांगतात, की हा माणूस फार कमी बोलायचा. गुरू म्हटला की गळ्यात शिट्टी आणि आवाजात जरब, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. कॉर्बिट त्यात बसत नाहीत. शेजारून पळणाऱ्यांना त्यांच्याकडून जे मिळालं, ते बघून मिळालं.

सायकल, फीत आणि फेरे

१९५८ मध्ये ब्राँक्सच्या मॅकॉम्ब्स डॅम पार्कात चाळीसेक जणांनी मिळून न्यूयॉर्कमधल्या रस्त्यावर धावणाऱ्यांचा क्लब स्थापला. कॉर्बिट त्याचे पहिले अध्यक्ष. आजची न्यूयॉर्क रोड रनर्स ही संस्था ती हीच. त्याच वर्षी ब्राउनिंग रॉस यांनी अमेरिकाभरच्या अशा क्लबांचा महासंघ सुरू केला होता, आणि पुढे कॉर्बिट त्याचेही अध्यक्ष झाले. अध्यक्षपदं सांगायला सोपी असतात. मला सांगायचं आहे ते त्यांनी खुर्चीत न बसता केलेलं काम.

त्या काळी रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर म्हणजे बरंचसं विश्वासाचं प्रकरण. कुणी मोटार चालवत काट्यावरून मैल मोजी, कुणी हातानं ढकलायचं चाक फिरवी, कुणी नकाशावर दोरा ठेवी. मोटारीचा काटा शेकड्यात दोन-तीन भाग सहज चुकतो. मॅरेथॉनमध्ये शेकड्यात दोन म्हणजे आठशे मीटरच्या वर. मग एका गावातली २:३० आणि दुसऱ्या गावातली २:३० या दोन वेगळ्याच गोष्टी होतात. विक्रमाला अर्थ उरत नाही. त्याहून वाईट हे, की मधल्या फळीतल्या साध्या धावपटूला आपण गेल्या वर्षीपेक्षा सुधारलो की नाही, तेही कळत नाही.

ब्रिटनमध्ये जॉन ज्युएल यांनी या प्रश्नावर काम करून १९६१ साली निबंध लिहिला होता. तो धागा पकडून कॉर्बिट यांनी वेगवेगळ्या पद्धती पडताळून पाहिल्या आणि १९६४ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर कसं मोजावं यावर एक पुस्तिका काढली. तिचा निष्कर्ष असा की सर्वसामान्य क्लबाला परवडेल आणि तरीही भरवसा ठेवता येईल, असं साधन म्हणजे साधी सायकल. अट एवढीच, की चाकाचं माप आधी नीट पडताळून घ्यायचं.

ही पद्धत आज जगभर चालते, म्हणून थोडी उलगडून सांगतो. आधी सरळ रस्त्याचा एक तुकडा, बहुधा तीनशे मीटर किंवा जास्त, पोलादी फितीनं मोजून घ्यायचा. फीतसुद्धा २० अंश सेल्सिअस तापमानालाच खरी. हवा त्याहून गार किंवा गरम असेल तर तेवढी दुरुस्ती धरायची. त्या तुकड्यावर सायकल चार वेळा चालवायची आणि चाकाचे फेरे मोजायचे. फेरे मोजायला १९७१ पासून जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र मिळालं. अ‍ॅलन जोन्स यांनी ते बनवलं. पुढच्या चाकाच्या आसाला ते बसतं आणि एका फेऱ्याचे वीसेक भाग पाडून मोजतं. म्हणजे दहाएक सेंटिमीटरपर्यंतचा हिशोब लागतो. मग शर्यतीच्या मार्गावर सायकल न्यायची, पण रस्त्याच्या मधून नाही. धावणारा ज्या जवळात जवळच्या वाटेनं जाऊ शकेल, त्याच वाटेनं. वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर आत, आणि एका वळणाकडून दुसऱ्या वळणाकडे तिरकं सरळ रेषेत. सगळं झालं की परत त्या पहिल्या तुकड्यावर येऊन चार फेऱ्या. कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, चाक केसभर मोठं होतं आणि सकाळचं माप दुपारी खरं राहत नाही.

आमचा घड्याळाचा वाद इथे सुटतो. मार्ग मोजलेला असतो तो सर्वांत जवळच्या वाटेनं. आपण पळतो गर्दीतून, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणाच्या बाहेरच्या बाजूनं. शिवाय घड्याळाचा जीपीएस उंच इमारतींमध्ये चुकतो तो वेगळाच. आता तर नियमानं दर किलोमीटरला एक मीटर जास्तच धरतात, म्हणजे मॅरेथॉनला बेचाळीस मीटर, का तर मार्ग चुकूनही कमी भरू नये. हा नियम नंतरचा आहे. पण तो ज्या पायावर उभा आहे, ती सायकल आहे.

कॉर्बिट पुस्तिका छापून थांबले नाहीत. पुढची कित्येक वर्षं ठिकठिकाणच्या क्लबांनी पाठवलेले मोजणीचे कागद तपासणं, प्रमाणपत्र देणं, शंकांना उत्तरं देणं, हे सगळं टपालानं चालत राहिलं. पुनर्वसन केंद्रातली नोकरी, आठवड्याला कधी कधी दोनशे मैलांपर्यंत जाणारा सराव आणि त्यातून उरलेल्या वेळात हे. टाळ्या पडाव्यात असं या कामात काहीच नाही. मार्ग बरोबर मोजला गेला असेल तर धावणाऱ्याला मोजणी दिसतच नाही. ती दिसते ती फक्त चुकल्यावर.

मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. ज्याच्या शेजारी पळायला लोकांनी नकार दिला होता, त्यानं असं साधन रुजवलं की ज्याला पळणाऱ्याचा रंग दिसत नाही, क्लब दिसत नाही, ओळखपाळख दिसत नाही. अंतर खरं असेल तर वेळ खरी, आणि वेळ खरी असेल तर ती कुणाला हिरावून घेता येत नाही. कॉर्बिट यांनी स्वतः हे असं मांडलं, असा माझा दावा नाही. मोजक्या बोलण्याच्या माणसाच्या तोंडी मी वाक्यं घालणार नाही. पण त्यांच्या आयुष्याच्या दोन टोकांच्या मध्ये मला ही रेष दिसते.

१३ सप्टेंबर १९७० रोजी सेंट्रल पार्कात पहिली न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन झाली. प्रवेश फी एक डॉलर, धावायला उतरले १२७, पूर्ण केली ५५ जणांनी. त्यात ५१ वर्षांचे कॉर्बिट स्वतः पळत होते. १९७६ मध्ये शर्यत उद्यानातून बाहेर पडली आणि शहराच्या पाचही विभागांतून गेली. तो मार्ग आखण्या-मोजण्यातही त्यांचा हात होता. त्या वर्षी दोन हजारांहून जास्त धावपटू होते. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या मॅरेथॉनांपैकी एक आहे.

मग सन्मान

हयातीत त्यांना मिळाले ते प्रामुख्यानं धावपटूंच्या मंडळींनी दिलेले मान. १९९८ मध्ये अमेरिकेत लांब पल्ल्याच्या धावपटूंचा हॉल ऑफ फेम सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच जणांत ते होते. सोबतची नावं बिल रॉजर्स, फ्रँक शॉर्टर, जोन बेनॉइट सॅम्युएलसन आणि कॅथरीन स्विट्झर. या चौघांची नावं धावण्याशी फारसा संबंध नसलेल्यांनीही ऐकलेली असतात. पाचवं नाव बहुतेकांना विचारावं लागतं. २००६ मध्ये अल्ट्रारनिंगच्या, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतींच्या, हॉल ऑफ फेममध्येही त्यांना पहिल्या तुकडीत मान मिळाला. मधल्या काळात कॉर्बिट थांबले नव्हते. २००१ मध्ये, ८२ व्या वर्षी, सहा दिवसांच्या शर्यतीत ते ३०३ मैल चालले.

त्यांच्यानंतर तीन गोष्टी झाल्या. न्यूयॉर्क रोड रनर्सनं सेंट्रल पार्कातल्या डिसेंबरमधल्या १५ किलोमीटरच्या शर्यतीला त्यांचं नाव दिलं. ते राहत त्या मार्बल हिल भागातल्या एका रस्त्याला त्यांच्या नावाची पाटी लागली. आणि त्यांच्या मुलानं, गॅरी कॉर्बिट यांनी, वडिलांच्या नोंदवह्या, पत्रं, छायाचित्रं जपून त्यांचं संग्रहण उभं केलं.

या तिन्हींचं मोल सारखं नाही, असं माझं मत आहे. पाटी सगळ्यांत सोपी. ती लागते, फोटो निघतात, मग खालून वाहनं जात राहतात. पण ही पाटी मार्बल हिलमध्ये आहे, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्याला कारण आहे. मार्बल हिल कागदोपत्री मॅनहॅटनचा भाग, पण जमिनीनं ब्राँक्सला चिकटलेला. १८९५ मध्ये जहाजांसाठी कालवा खणला तेव्हा तो तुकडा मॅनहॅटनपासून तुटला, आणि नंतर उत्तरेकडची जुनी खाडी बुजवली तेव्हा पलीकडच्या जमिनीला जोडला गेला. नकाशा एक सांगतो, पाय दुसरंच सांगतात. रस्ता पायांच्या बाजूनं मोजणारा माणूस नेमका अशा ठिकाणी राहत होता.

शर्यत पाटीपेक्षा जास्त काम करते. कारण ती दरवर्षी होते आणि त्यासाठी दरवर्षी हजारो लोकांना त्यांचं नाव लिहावं लागतं, उच्चारावं लागतं. १५ किलोमीटर हे अंतरही मला योग्य वाटतं. मॅरेथॉनचा डामडौल नाही, पाच किलोमीटरची जत्रा नाही. थंडीत, उद्यानाच्या चढ-उतारांवर, काम म्हणून पळायचं अंतर. तरी इथेही धोका तोच. शर्यतीचं नाव रुळलं की ते फक्त शर्यतीचं नाव उरतं. किती तरी चषक आपण असे खेळलो आहोत, ज्यांच्यावरचं नाव कुणाचं हे कधी विचारलं नाही.

म्हणून तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. नोंदवह्या. पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाही, वहीला येतो. अमुक आठवड्यात किती पळाले, दुखणं असताना काय केलं, कुणाला काय उत्तर लिहिलं. शिवाय हे संग्रहण एकट्या कॉर्बिट यांचं राहिलेलं नाही. त्यातून पायोनियर क्लबचा आणि लांब पल्ल्याच्या काळ्या धावपटूंचा इतिहासही पुढे येत गेला. तो इतिहास दुसऱ्या कुणी जपून ठेवलेला नव्हता. चौथ्या वर्षी नवीन मुलानं "हे कोण?" विचारलं तर हातात द्यायला काहीतरी हवं ना, ते हे. ग्रुपात एखादा जुना माणूस असेल तर त्याच्या वह्या, त्याची टाचणं, त्यानं लिहून दिलेली सरावाची वेळापत्रकं तो असतानाच मागून घ्यावीत, एवढं तरी या प्रकरणातून मी उचललं आहे.

१९८१ ची मॅरेथॉन

यात एक अवघड जागा आहे. ती टाळली तर हे लिखाण खोटं होईल.

१९८१ च्या न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉनमध्ये अमेरिकन धावपटू अल्बर्टो सालाझार यांनी २:०८:१३ अशी वेळ दिली. जगातली सर्वांत वेगवान मॅरेथॉन म्हणून ती गाजली. काही वर्षांनी तो मार्ग काटेकोरपणे पुन्हा मोजला गेला, आणि सुमारे दीडशे मीटर कमी भरला. विक्रम पुसला गेला. ज्या वेळेला सालाझार यांनी मागे टाकलं होतं, ती ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटन यांची १९६९ सालची, बेल्जियममधल्या अँटवर्पची २:०८:३३.६. अँटवर्पच्या मार्गाच्या अंतराबद्दलही शंका घेतली जातच होती.

कॉर्बिट यांच्या शहरातली शर्यत, ज्या मार्गाच्या जडणघडणीत ते पहिल्यापासून होते, आणि अंतर कमी. एखाद्या गुरूच्या गौरवग्रंथातून हे पान गुपचूप गाळलं गेलं असतं. मला मात्र त्यांचा सगळ्यांत खरा सन्मान इथेच झालेला दिसतो. मार्ग पुन्हा मोजायला कुणी लावलं? त्यांनी रुजवलेल्या शिस्तीनं. चूक कशानं पकडली? माप पडताळून घेतलेल्या सायकलीच्या चाकानं. न्यूयॉर्कचा मान, स्वतःच्या शर्यतीचा विक्रम, आवडत्या विजेत्याचं नाव, हे सगळं पणाला लागलेलं असताना मोजणी फिरवली गेली नाही. शिष्यांनी गुरूचं माप गुरूच्याच मार्गाला लावलं. फुलं वाहणं याच्यापुढे फार सोपं.

आणि तरीही मला नाव हवं आहे. पद्धत जितकी यशस्वी, तितकी ती निनावी होते. आज मोजणी करणारे लोक पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत सायकली घेऊन निघतात आणि मागून पोलिसांची गाडी येते. त्यांच्या मोजणीच्या कागदांवर कॉर्बिट यांचं नाव कुठे नसतं, असायचं कारणही नाही. पण ज्या समाजात काळ्या माणसाचं काम वापरून त्याचं नाव सोडून देण्याची जुनी खोड होती, तिथे नाव शर्यतीवर शिवून ठेवणं, रस्त्यावर लावणं, वहीत जपणं आवश्यकच होतं. काम चालू राहतंय ना, मग नाव कशाला, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता ती सुरुवातीची वेळ. बॉस्टन, १९५१, २:४८:४२. रस्त्यांमध्ये झालेल्या बदलांमुळे १९५१ ते १९५६ या सहा वर्षांत बॉस्टनचा मार्ग कमी भरत होता, हे नंतर उघड झालं. होता २५ मैल ९५८ यार्ड, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनपेक्षा एक किलोमीटरहून थोडा जास्तच तोकडा. त्याच वेगानं उरलेलं अंतर पळायला कॉर्बिट यांना आणखी साडेचार मिनिटं लागली असती. आयुष्यात त्यांनी १९९ मॅरेथॉन आणि अल्ट्रामॅरेथॉन पूर्ण केल्या, असं त्यांच्या नोंदी सांगतात. त्या मोजणीतली पहिली, त्यांच्या स्वतःच्या मापानं, मॅरेथॉन भरत नाही.